अर्धलीनं दिलेला भाऊ

सोमा, अक्षराकडे बघू नकोस. चौथीनंतर पेन हातात आलं ते बचत गटाच्या सहीपुरतं. वेलांट्या चुकतील, काना राहून जाईल, ओळ चढणीला लागेल. माझा मेसेज आला की तू हसायचास. एकदा 'जेवला का' लिहायचं तिथं मी 'जवळ का' लिहिलं होतं. तू फोन करून म्हणालास, "न्हाई आक्का, जवळ न्हाई, केरळात हाय." त्यानंतर कितीतरी दिवस तू फोन उचलला की हॅलो न म्हणता "जवळ का?" म्हणायचास.

बोलते तसंच लिहिलं असतं तर सोपं गेलं असतं. पण चौथीच्या बाई म्हणायच्या, कागदावर नीट बोलावं. म्हणून नीट लिहिते आहे. हे कुणाला दाखवणार नाही. तुझे दाजी पिकअप घेऊन टोमॅटोच्या मार्केटला गेलेत, घरात कुणी नाही. चार माणसांत माझ्या तोंडून शब्द फुटत नाही हे तुला माहीत आहे. दहाव्याला सगळे तुझ्याबद्दल बोलले, मी भिंतीला टेकून बसले होते. मला जे बोलायचं होतं ते आता लिहिते.

दहाव्याचंच आधी सांगते. माहेरी येडगावला कुकडीच्या काठी पिंड ठेवला आणि लोक मागे सरकायच्या आत कावळा आला. कुणी हात जोडले नव्हते, कुणी काही कबूल केलं नव्हतं. सगळ्यांना बरं वाटलं. बायका म्हणाल्या, पोराचं काही राहिलं नाही, सुटलं. मला बरं वाटलं नाही. तुझं राहिलं होतं. बाप असून नाना एवढंच म्हणाले, "त्याला घाई. कायमच घाई."

तुझं काय राहिलं होतं ते तुला, मला आणि नानांना ठाऊक होतं. त्या मेंढरांचं.

आई गेली तेव्हा तू अंगावर पिणारा होतास. मी शाळा सोडली आणि तुला कडेवर घेऊन मेंढरांमागे फिरले. उन्हाळ्यात धरणाचं पाणी मागे सरलं की काठाला सपाट, मऊ जमीन उघडी पडायची. मेंढरं तिथं चरायची आणि पोरं तिथंच फुटबॉल खेळायची. तू सातवीत असताना शाळेचे सर घरी आले आणि नानांना म्हणाले, "तुमच्या पोराचा डावा पाय मला द्या, पुण्याला नेतो." नाना म्हणाले, "पायाबरुबर आख्खं पोरगंबी न्या, हितं काय करतंय." बोलले हसत, पण तू गेलास त्या रात्री ते जेवले नाहीत.

पुण्याहून सुट्टीला आलास की तू मला खेळ समजावायचास. मला गोल सोडून काही कळायचं नाही. मग एकदा तू मेंढरांकडे बोट दाखवलंस. म्हणालास, "आक्का, पळणाऱ्या मेंढरामागं तू पळतीस का?" मी म्हटलं, "मागं पळलं तर ते आणखी पळतं. बाजूनं जाऊन वळायचं." तू टाळी वाजवलीस. "मागं राखणाऱ्या बॅकचं काम तेच हाय. समोरचा चेंडू घेऊन येतो, त्याला हाणायचं न्हाई. बाजूला वळत वळत कडेला न्यायचा. तिथं त्याचा खेळ संपतो." तेवढा एक खेळ मला कळला, अजून तेवढाच कळतो.

मग तुझी पुण्याच्या क्लबाशी सही झाली. पगार लागला. मोठी लीग नव्हती, खालची होती, टीव्हीवर दाखवत नव्हते. पण गावात सांगायला पुरे होतं. आणि त्यानंतर वर्षभराने तुझा तो फोन आला.

मी पाण्याच्या टाकीजवळ उभी होते. तुझा आवाज तुटत होता. मला ऐकू आलं ते एवढंच: "आक्का, मला लोन... गोव्याला... सहा महिने... नानांना सांग, काळजी करू नका." फोन कटला. परत लावला तर लागेना, पुढचे दिवसही लागला नाही.

आपल्याकडे लोन म्हणजे काय ते तू पुण्याला राहून विसरला असशील. लोन म्हणजे हप्ता, फायनान्सची माणसं, दारातून ओढून नेलेली गाडी. दाजींच्या आधीच्या टेम्पोचं तेच झालं होतं. मी तशीच येडगावला गेले आणि नानांना सांगितलं, सोमाला लोन झालंय.

"किती?"

"सांगितलं न्हाई."

"कुणाचं?"

"क्लबाचंच आसंल. गोव्याला नेलंय त्याला. सहा महिने."

नाना खाली बसले. बराच वेळ गवताची काडी मोडत राहिले. मग म्हणाले, "म्हंजी पोरगं गहाण ठिवलं."

पुढच्या बाजारी त्यांनी एक खांड विकलं. आपल्या वाड्यातली निम्मी मेंढरं, तीसुद्धा दुभती, लेकुरवाळी. व्यापारी म्हणाला, "नाना, आसली मेंढरं इकत्यात व्हय?" नाना म्हणाले, "पोरापरीस मोठी हायेत का?" पैसे धोतराच्या सोग्यात बांधले आणि मला म्हणाले, "तू चल. तुला पाट्या वाचता येत्यात."

क्लबाचं ऑफिस शोधायला दुपार झाली. आत टी-शर्ट घातलेला एक पोरगेला साहेब होता. मी दाराजवळच उभी राहिले. नानांनी टेबलावर गाठोडं ठेवलं आणि म्हणाले, "घ्या सायेब. पोरगं सोडा."

साहेब उभा राहिला. "काका, कुठलं पोरगं?"

"सोमनाथ. डाव्या पायाचा."

"सोमा? तो इथं नाही हो. तो लोनवर आहे."

"त्येच म्हन्तोय म्या. लोन किती त्ये सांगा. कमी पडलं तर मागनं आणून देतो."

साहेबाला समजायला वेळ लागला. समजल्यावर तो हसला, पण वाईट हसला नाही. त्याने आम्हाला पाणी दिलं, खुर्च्या दिल्या. म्हणाला, "काका, हे पैशाचं लोन नाही. खेळाडू आमचाच. आमच्याकडे त्या जागेवर दुसरा आहे, म्हणून सहा महिने गोव्याच्या क्लबाकडे खेळायला दिलाय. तिथं त्याला खेळायला मिळेल. पगार ते देतील. मग परत आमच्याकडे."

नानांचा चेहरा खुलला. "आस्सं! म्हंजी अर्धलीनं दिलाय."

साहेबाला ते कळलं नाही. मला कळलं. आपल्यात मेंढरू अर्धलीनं देतात. मेंढरू आपलंच राहतं, राखतो दुसरा, आणि पिल्लं दोघांत निम्मी. नानांनी गाठोडं परत सोग्यात बांधलं आणि उठताना विचारलं, "मग सायेब, पिल्लू कुणाचं?"

साहेबाने गाडीभाड्याला पैसे देऊ केले. नानांनी घेतले नाहीत.

येताना एसटीत नाना हसत होते. डोळे पुसत हसत होते. तुला हे कळलं तेव्हा तू फोनवर आधी ओरडलास, "मला इचारायचं तरी!" आणि मग तूही हसलास. गोव्याच्या पोरांनी तुला 'मेंढी' नाव ठेवलं, ते पुढच्या सगळ्या क्लबांत तुझ्या आधी जाऊन पोचायचं. पण खांड गेलं ते गेलं. बाजारात दिलेलं मेंढरू मागे फिरत नाही. नानांनी ते पैसे पतपेढीत टाकले. म्हणाले, पावसाळ्यात चांगल्या पाठी, तरण्या मेंढ्या घेऊ.

पावसाळ्याच्या आत तुझा गुडघा गेला.

ते सांगायचं नाही असं मी ठरवलं होतं, पण त्याच्याशिवाय पुढचं लागत नाही. आत काहीतरी तुटलं होतं, ऑपरेशन पाहिजे होतं. गोव्यावाले म्हणाले, खेळाडू पुण्याचा आहे, खर्च त्यांचा. पुण्याचे म्हणाले, खेळताना तुमच्याकडे होता, खर्च तुमचा. तो टी-शर्टवाला साहेब तोवर नोकरी सोडून गेला होता. नाना म्हणाले, "अर्धलीचं मेंढरू लंगडलं तर राखणाऱ्यानं कळवायचं आन् मालकानं अवशिद आणायचं. एवढं आडाण्यालाबी कळतं. ह्यांच्यात कायदा न्हाई का?" असेल, पण आपल्याला कोण सांगणार?

मेंढरांचे पैसे पतपेढीतून काढले आणि तुझ्या गुडघ्यात गेले. नाना म्हणाले, "तुला सोडवायलाच काढले व्हते. तुझ्यावरच गेले. हिशेब मिटला." तू पलंगावर पाय लांब करून पडला होतास. तू हसला नाहीस. म्हणालास, "न्हाई नाना. आता खरं लोन झालं. तुमची मेंढरं म्या आणून देणार."

सोमा, ते महिने तू माझ्या घरी वारूळवाडीला होतास. मी तुझ्या पायाला तेल लावायचे, तू माझी भांडी घासायचास. सासूबाई म्हणायच्या, "पुरुषाच्या जातीनं भांडी?" तू म्हणायचास, "मावशी, हातानं घासतोय. हात बरं हायेत माझं." पुढं तू कालव्याच्या कडेने चालायला लागलास, मग धावायला. मी दारातून बघायचे. तुला सांगू? तो पाय बरा होऊ नये असं नव्हे, पण जरा सावकाश बरा व्हावा असं मला वाटायचं. लहानपणानंतर तू तेव्हाच माझ्याजवळ राहिलास. ते दिवस मला मिळाले, त्याबद्दल मी त्या गुडघ्यालासुद्धा बरं म्हणते.

त्यानंतर तू खेळलास ते खालच्याही खाली. कलकत्ता, केरळ, बंगळूर, पुन्हा गोवा. सात-आठ महिन्यांची सही, मग घरी, मग पुन्हा कुणाच्यातरी फोनची वाट. एका खोलीत सहाजण. कुठं पगार वेळेवर, कुठं निम्मा, कुठं नुसता भात. मी तुझा सामना एकदाच पाहिला, मोबाईलवर. कॅमेरा इतका लांब होता की सगळे मुंगीएवढे. बघणारे किती ते खाली लिहून येत होतं, एकवीस. त्यातली एक मी. तुझा नंबर दिसत नव्हता, पण चेंडू लांब गेला की तू कमरेवर उलटा हात ठेवून उभा राहतोस, नाना राहतात तसा. त्यावरून ओळखलं. शेवटी बघणारे नऊ राहिले. मी होते.

पगार झाला की तू यायचास आणि नानांच्या हातात पैसे ठेवायचास. कधी दोन मेंढ्यांचे, कधी एकीचे. नाना आधी घेत नव्हते. मग घ्यायला लागले, कारण न घेतल्यावर तू जेवायचा नाहीस. त्या पैशाची ते मेंढीच आणायचे, दुसरं काही नाही. आणि तुला दाखवायचे, "ही कलकत्त्याची. ही केरळची, लई वरडती." वाडा हळूहळू भरत आला होता.

तुझ्या लग्नाचं तेव्हाच पाहत होतो. डिंभ्याकडचे पाहुणे आले होते ते आठवतं? मुलीच्या मामाने विचारलं, "पावणं, पोरगं करतं काय?"

नाना म्हणाले, "फुटबॉल खेळतं."

"त्ये झालं वो. काम काय करतं?"

"त्येच काम हाय."

"बरं. आन् सुट्टीच्या दिवशी?"

तू मधेच म्हणालास, "सुट्टीच्या दिवशी झोपतो, मामा." पोहे संपवून ते गेले. तू हसलास, मीसुद्धा हसले, पण आत स्वयंपाकघरात जाऊन मी रडले होते. ते तुला कधी सांगितलं नाही.

गेल्या भाऊबीजेचं भांडण आपलं अर्धंच राहिलं. नारायणगावच्या एका शाळेत खेळाच्या शिक्षकाची जागा होती, दाजींनी शब्द टाकला होता. तू म्हणालास, "एकच मेंढी राह्यलीय आक्का. ती आणली की थांबतो." त्या वर्षी क्लबाने दोन महिने पगार दिला नव्हता आणि तू रिकाम्या हाताने आला होतास. मी ओवाळलं, ताट खाली ठेवलं आणि मला कुठून धीर आला कुणास ठाऊक, म्हटलं, "मेंढरांचं निमित्त करतोस तू. नानांनी कधी मागितलं? तुला खेळायचंय म्हणून खेळतोस."

तू माझ्याकडे बघितलंस, मग बाहेर जाऊन ओट्यावर बसलास. मी चहा दिला, तू घेतलास. दुसऱ्या दिवशी गेलास. पुढं फोन झाले, पण त्या गोष्टीवर कुणी आलं नाही. मला वाटायचं, उन्हाळ्यात येशील तेव्हा बोलू. उन्हाळ्यात आलास, आणि तिसऱ्या दिवशी मंचरहून मोटारसायकलवर येताना हायवेला तो ट्रक.

आता मला वाटतं, निमित्त असलं तरी काय बिघडलं? माणसाला आवडीचं काम करायला कुणाचंतरी देणं लागत असेल. आणि देणं फेडायला आवडीचं काम मिळत असेल तर तो भाग्याचा. दोन्ही खरं असेल. मी एकच खरं मानलं आणि तुला विचारायचं सोडून सांगून टाकलं.

दहावं झाल्यावर नाना वाड्यावर जाईनात. मेंढरं शेजारच्या पोराकडे. जेवायचे, बसायचे, कुणी तुझं नाव काढलं की उठून जायचे. आणि एक दिवस म्हणाले, "त्याची सगळी मेंढरं इकून टाकतो. माझ्याच्यानं बघवत न्हाईत." तू इतकी वर्षं एकेक करून आणलेली, ती एका बाजारात जाणार.

तुझ्या मोबाईलमध्ये क्लबाच्या मॅनेजरचा नंबर होता. मी आजवर परक्या माणसाला फोन केला नव्हता. दाजी म्हणाले, मी करतो. मी म्हटलं, नको. हिंदी मला सिरियलमधली येते, तेवढीच बोलले. "मैं सोमनाथ की बहन. उसका दो महिने का पगार बाकी है."

तो म्हणाला, "दीदी, बहुत अफसोस हुआ. लेकिन अभी क्लब में पैसा नहीं है."

मी नुसती फोन धरून उभी राहिले. त्यानेच ठेवला. दुसऱ्या दिवशी चुलीवर भाकरी टाकायच्या आधी पुन्हा केला. तिसऱ्या दिवशी पुन्हा. तो म्हणायचा, "दीदी, आज भी?" मी म्हणायचे, "आज भी." एक दिवस तो चिडला. तरी मी म्हटलं, "भैया, आदमी वापस नहीं मांग रही. उसकी मेहनत मांग रही हूँ." तो हळू आवाजात म्हणाला, "मेंढी अच्छा लड़का था." तुझं नाव तिथंही पोचलं होतं.

पैसे परवा माझ्या खात्यात आले. बँकेतून काढले आणि येडगावला गेले. नाना बाजेवर बसले होते. मी त्यांच्यापुढे पैसे ठेवले. "सोमाचे हायेत. क्लबाने दिले."

त्यांनी हात मागे घेतला. "मेलेल्या पोराकडनं वसुली करू व्हय म्या?"

"वसुली न्हाई. त्याची कमाई हाय."

"मला नको. त्याच्या नावानं देवळात दे. मेंढरं तर म्या इकणारच हाय."

इतर वेळी मी इथंच उठून आत गेले असते. नानांच्या शब्दापुढं मी आजवर शब्द ठेवला नाही. पण या वेळी मी उठले नाही, सोमा. मी त्यांच्यासमोर जमिनीवर बसले आणि म्हटलं, "नाना, त्यो मला म्हनला व्हता, एक मेंढी राह्यलीय, ती आणली की थांबतो. तुमी घेतलं न्हाई तर त्यो थांबायचा कसा? तिकडंबी पळतच राहील. दमला आसंल त्यो. थांबू द्या त्याला."

नानांनी उजव्या हाताने पैसे उचलले आणि कपाळाला लावले, बाजारात पहिल्या सौद्याचे लावतात तसे.

आज सकाळी ते बाजाराला गेले. एकटेच गेले; मी येडगावलाच होते, दुपारी घरी परतले. एक काळ्या तोंडाची तरणी मेंढी घेऊन आले आणि वाड्यात सोडली. बाकीची विकायचं नाव त्यांनी काढलं नाही. हातपाय धुतले आणि मला म्हणाले, "आक्का, माझं त्याच्याकडं काय बी राह्यलं न्हाई. पै अन् पै फिटली."